एसीपींचा मृत्यू, आबांचा राग आणि कपाटात राहिलेलं पत्र

प्रश्न: मी एक्केचाळीस वर्षांची आहे, इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. छापून आलेले कागद तपासायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. आता ते आमच्याकडे असतात. प्रेसच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हापासून, म्हणजे १९९८ पासून, आम्ही दोघं 'सीआयडी' एकत्र बघत आलो. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेल्याचं दाखवलं आणि आबांनी मालिका सोडली. पुढे काही आठवड्यांत एसीपी परत आले. मला खरंच आनंद झाला. आबांना म्हटलं, आता तरी बसा. तर म्हणाले, "मेलेला माणूस परत येतो? आम्हाला काय खुळे समजतात?" मी वैतागून बोलून गेले, "आबा, सिरियल आहे हो ती. एवढं काय मनाला लावून घेता?" तेव्हापासून मी शनिवारी-रविवारी मालिका लावली की ते खोलीचं दार लावून घेतात.

भर म्हणजे, त्यांनी चॅनेलला चार पानी पत्र लिहून माझ्याकडे टाइप करायला दिलं होतं. लोक हसतील म्हणून मी ते कपाटात ठेवलं. ते त्यांना सापडलं. आता कामापुरतं बोलतात. यजमान म्हणतात, म्हातारपणाचा हट्ट आहे. बहीण म्हणते, एकटेपणा आलाय, समुपदेशकाकडे ने. तुम्ही सांगा, आमच्यात बरोबर कोण? आणि ते पत्र पाठवू का? सोबत पत्राची प्रत जोडली आहे.

उत्तर:

ताई,

तुमच्या यजमानांचं आणि बहिणीचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. म्हातारपणाचा हट्ट, निवृत्तीनंतरचा एकटेपणा ही कारणं हाताशीच असतात. सत्तरीपुढचा माणूस कशावरही चिडला की ती लावून मोकळं होता येतं. आबा चिडले आहेत ते मालिकेवर. एक गोष्ट वाईट लिहिली गेली, ती त्यांना दिसली आणि त्यांनी ती चार पानांत मांडली. मी पत्र नीट वाचलं. त्यात एकटेपणाचं एक वाक्य नाही. कथानकावरचे नेमके आक्षेप आहेत आणि एक सोडून बाकी सगळे मला पटले.

दुसऱ्या पानावर ते लिहितात, "डॉ. साळुंखे दुपारच्या चहाआधी रिपोर्ट देतात, हे आम्ही वीस वर्षं मान्य केलं. दया एका लाथेत दार तोडतो, तेही मान्य केलं. ते खोटं तुमचं आणि आमचं ठरलेलं होतं. हे खोटं ठरलेलं नव्हतं." या चार वाक्यांत त्यांनी जे सांगितलं आहे, ते वर्षानुवर्षं चालणाऱ्या गुन्हेगारी मालिकांबद्दल मी वाचलेल्या कितीतरी लेखांत इतकं स्वच्छ सापडलं नाही.

ते म्हणतात ते ठरलेलं खोटं केवढं आहे बघा. दर भागाच्या शेवटी गुन्हेगार ब्यूरोच्या लोकांसमोर सगळं कबूल करतो, एसीपी फाशीचं बोलतात आणि खटला मिटतो. आपल्या त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत शिकणाऱ्या कुठल्याही उपनिरीक्षकाला विचारा. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. म्हणजे एसीपींनी पकडलेले बहुतेक आरोपी खऱ्या कोर्टात, दुसरा पुरावा नसेल तर, सुटतील. नाशिकलाही न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिथे नमुने पाठवून अहवालाची वाट बघणाऱ्या कुठल्याही तपास अधिकाऱ्याला डॉ. साळुंखेंचा वेग स्वप्नातलाच वाटेल. हे सगळं आपल्याला माहीत असतं, निदान अंदाज असतो. तरी आपण बसतो, कारण तो त्या खेळाचा नियम आहे. एका तासात खून, तपास आणि उलगडा व्हायचा असेल तर रिपोर्ट लवकर यावाच लागतो.

पण माणसांच्या बाबतीत अशी सूट कुणी दिलेली नसते. दया दयासारखाच वागायला हवा. अभिजीत चिडला तर का चिडला ते कळायला हवं. आणि कुणी मेलं तर ते मेलेलं असायला हवं. रोज पुराव्याशी खेळणाऱ्या मालिकेला प्रेक्षक क्षमा करतो आणि एका मरणाशी खेळली म्हणून तीच मालिका सोडून देतो, यात विसंगती नाही. तपासाची पद्धत खोटी असली तरी चालतं, कारण मालिका आपण त्या पद्धतीसाठी बघतच नाही.

आता प्रत्यक्ष काय घडलं ते बघू. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि पहिली खेप २७ ऑक्टोबर २०१८ ला संपली. वीस वर्षं. एसीपींचं काम करणारे शिवाजी साटम तर आबांच्या पिढीला त्याआधीपासून ओळखीचे, दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मुळे. तीही पोलिसांचीच मालिका आणि दिग्दर्शकही तेच, बी. पी. सिंग. मराठी घरांमध्ये हा माणूस हिंदी मालिकेतला साहेब कधी वाटलाच नाही, ओळखीतलाच वाटला. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका परतली तेव्हा बिटकोच्या कट्ट्यावर आबांनी मित्रांना चहा पाजला, असं तुम्ही लिहिलं आहे. साडेतीन महिन्यांत त्याच मालिकेने एसीपींना बार्बोझा नावाच्या खलनायकाने घडवलेल्या बॉम्बस्फोटात संपवलं. चॅनेलने तर श्रद्धांजलीसारखं चित्र प्रसिद्ध केलं, नावाखाली १९९८-२०२५ अशी सालं घालून. आणि मग काही आठवड्यांत तेच एसीपी पडद्यावर परत.

आबांच्या तिसऱ्या पानावर फ्रेडरिक्स आहे. ते पान तुम्ही टाइप करताना एक अक्षर बदलू नका. फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले. मालिका परतली ती त्यांच्याशिवाय. आबा लिहितात, "एक माणूस खरा गेला आणि आम्ही हळहळलो. त्याच कुटुंबातला दुसरा खोटा गेला, तेव्हाही तशीच हळहळ तुम्ही आमच्याकडून काढून घेतलीत. नंतर सांगितलंत की ती उगाच होती." याला हट्ट कोण म्हणेल? मला तर हा सगळ्या पत्रातला सर्वांत सभ्य आक्षेप वाटला. प्रेक्षक शोक करतो तेव्हा तो नटासाठी आणि पात्रासाठी वेगवेगळा कप्पा करून करत नाही. ज्यांनी सालं घालून ते चित्र काढलं त्यांनाही हे माहीत असणार, म्हणूनच तर काढलं.

पात्राला मारून परत आणायचंच नाही, असं मात्र माझं म्हणणं नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूची आहे. कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला डिसेंबर १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं. वाचक इतके बिथरले की वीस हजारांवर लोकांनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली, असं सांगतात. डॉयल बधला नाही. १९०१ मध्ये त्याने होम्सची एक कादंबरी छापायला घेतली, पण ती घटना मृत्यूच्या आधीची म्हणून. खराखुरा परत आणला तो १९०३ मध्ये. या गोष्टीतून बहुतेक लोक एवढंच काढतात की वाचकांपुढे लेखक झुकला. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मूळ कथेत होम्सचं प्रेत कुणालाच सापडलेलं नाही. वॉटसन कड्यावरच्या पाऊलखुणा आणि एक चिठ्ठी बघून अनुमान काढतो, आणि वाचक त्याच्या डोळ्यांनी बघत असतो. त्यामुळे दहा वर्षांनी होम्स दारात उभा राहिला तेव्हा डॉयलला आधीचं एकही वाक्य खोडावं लागलं नाही. चुकलं होतं ते वॉटसनचं अनुमान. आणि परतलेल्या होम्सला बघून वॉटसन चक्क बेशुद्ध पडतो. परत येण्याची किंमत कुणीतरी कथेतच मोजतो.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू' १९९९ पासून चालू आहे. त्यातल्या बेन्सन आणि स्टेबलर या पोलीस जोडीपैकी स्टेबलर २०११ मध्ये गेला, तोही निरोपाच्या एकाही प्रसंगाशिवाय. नट क्रिस्टोफर मेलोनीने मालिका सोडली होती. बारा वर्षं जोडी बघणाऱ्यांना ते फार लागलं. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो परत आला तेव्हा लेखकांनी प्रेक्षकांचा सगळा राग बेन्सनच्या तोंडी दिला. निरोप न घेता कसा गेलास, हे तिनेच त्याला विचारलं. हे फार चांगलं काम आहे. प्रेक्षकाची तक्रार कथेच्या आत आली की तो पुन्हा बसतो, त्याला कुणी समजवावं लागत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं. एसीपी परत आले याचा तुम्हाला झालेला आनंद बरोबर आहे. वीस वर्षांची मालिका एका स्फोटावर अडकून पडावी असं मलाही वाटत नव्हतं. पण आबा ज्याला नाकारत आहेत ते एसीपींचं येणं नाही, त्यांचं जाणं आहे. तुम्ही दोघं दोन वेगळ्या भागांबद्दल बोलत होता आणि एकमेकांना एकाच भागाबद्दल उत्तरं देत होता. मृत्यू खरा ठरवायचा होता तर तो एसीपींच्या तोलाचा हवा होता. खोटा ठरवायचा होता तर श्रद्धांजलीची घाई नको होती. ज्या चमूने २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये चित्रित करून दाखवला, त्यांच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करण्याचा हक्क आबांना आहे.

आबा कुठल्याही बदलाला नको म्हणणारे प्रेक्षक नाहीत, हेही पत्रात दिसतं. मालिका परतली तीच मुळी अभिजीत दयावर गोळी झाडतो या धक्क्याने. किती घरांत त्यावरून वाद झाले! दया आणि अभिजीत एकमेकांविरुद्ध, हे अनेकांना बघवेना. आबांनी मात्र लिहिलंय की ती गोळी त्यांना आवडली, कारण ती का झाडली हा प्रश्न पुढच्या भागांनी धरून ठेवला. दोघांत वैर आलं तरी दोघं तेच राहिले. जुन्या जोडीत फूट पाडणं हा लेखकाचा अधिकार आहे, हे मान्य करणारा हा माणूस आहे. अशा प्रेक्षकाची नाराजी चॅनेलने ऐकावी इतकी मोलाची असते.

आता तो एक न पटलेला आक्षेप. चौथ्या पानावर आबांनी नव्या एसीपींवर, म्हणजे पार्थ समथानने केलेल्या आयुष्मानवर, जवळजवळ अख्खं पान खर्च केलं आहे, आणि त्यात भूमिकेपेक्षा त्या मुलाबद्दलच जास्त आहे. वय, चेहरा, आधीच्या मालिका. हे काढून टाकायला त्यांना सांगा. सांगाच. ज्याला ती खुर्ची दिली गेली त्याने ती मागून घेतलेली नव्हती, निदान पडद्यावर आपण जे बघतो त्यात त्याचा दोष नव्हता. नव्या माणसाला आणायच्याही चांगल्या रीती असतात. इंग्लंडची 'मिडसमर मर्डर्स' १९९७ पासून चालली आहे. २०११ मध्ये तिचा मुख्य नट जॉन नेटल्स बाहेर पडला, तेव्हा त्याच्या पात्राला त्यांनी मारलं नाही. निवृत्त केलं आणि जागेवर त्याचा चुलतभाऊ आणला, आडनाव तेच, बार्नबी. प्रेक्षकांनी कुरकुर केली असेल, पण मालिका पुढेही वर्षानुवर्षं चालली. एसीपी प्रद्युम्नांना सन्मानाने निवृत्ती देऊन, निरोप समारंभात दयाच्या डोळ्यांत पाणी आणून, नव्या अधिकाऱ्याला आत घेतलं असतं, तर कदाचित आबांनीच त्याला वर्षभराची मुदत दिली असती. चौथ्या पानाच्या जागी त्यांनी हे लिहावं. काय झालं ते वाईट, एवढ्यावर न थांबता काय व्हायला हवं होतं तेही आलं, की वाचणाऱ्याला त्यातून घेण्यासारखं काही मिळतं.

तुमच्या त्या वाक्याबद्दलही बोलायला हवं. "सिरियल आहे हो ती." तुम्ही वैतागात बोललात, वाईट हेतू नव्हता. पण विचार करा, तुम्ही ते कुणाला म्हणालात? शाळेतून आल्यावर ज्यांच्या शेजारी बसून तुम्ही खुनी कोण याची पैज लावलीत, त्यांना. तुमच्याच पत्रात आहे की नववीत असताना तुम्ही एका भागात घड्याळाच्या वेळेची चूक पकडली होती आणि आबांनी प्रेसमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला बघायला शिकवलं ते असं, चूक शोधत, प्रश्न विचारत. त्यांच्या पिढीने हे बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांत शिकून घेतलं होतं. झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून आणून रात्रीत संपवायचे आणि सकाळी मित्रांशी भांडायचं की लेखकाने शेवटी आपल्याला फसवलं की नाही. त्या भांडणाला त्या काळी कुणी वेळेचा अपव्यय म्हटलं असेल, पण भांडणाऱ्यांनी कधी म्हटलं नाही. तुम्हीही त्याच भांडणातल्या आहात. आणि आतल्याच माणसाने "एवढं काय" म्हटलं की ते परक्याच्या हसण्यापेक्षा जास्त लागतं. कपाटातल्या पत्राने तर त्यावर शिक्काच मारला.

तेव्हा माफी मागायची ती पत्र लपवल्याबद्दल मागा. आडूनपाडून नको, आवडीचं जेवण करून तर अजिबात नको. सरळ सांगा की लोक हसतील या भीतीने मी ठेवून दिलं, ते चुकलं, आणि आता आपण ते पाठवणार आहोत. त्यांना लगेच पटेल असं नाही. पत्र टाइप करून त्यांच्यासमोर ठेवलंत की पटेल.

पत्राबद्दल थोडं कामाचं. चार पानं कुणी वाचत नाही, दोन करा. पहिल्या पानावरचा मालिकेचा इतिहास कापा; ज्यांना पाठवतोय त्यांना तो माहीत आहे. "हे खोटं ठरलेलं नव्हतं" हे वाक्य अगदी वर घ्या. दिनेश फडणीसांबद्दलचा मजकूर जसाच्या तसा. अभिजीतच्या गोळीबद्दलचं कौतुक नक्की ठेवा, कारण पत्र लिहिणारा मालिकेचा शत्रू नाही हे त्यातूनच कळतं. शेवटी निवृत्तीच्या प्रसंगाची सूचना. मराठीतच पाठवा, वाटलं तर सोबत हिंदी भाषांतर जोडा; ते तुमचा मुलगा करील, तेवढ्या निमित्ताने आजोबांचं पत्र वाचेल तरी. त्याला एसीपी फक्त मोबाईलवरच्या 'कुछ तो गडबड है'पुरते माहीत आहेत, असं तुम्ही खंतावून लिहिलं आहे. आजोबांना नेमकी कोणती गडबड दिसली, हे त्याला पत्रातून कळेल. सही आबांची हवी, हाताने केलेली.

उत्तर येईल अशी आशा त्यांना दाखवू नका. अशा पत्रांना बहुतेक वेळा उत्तर येत नाही. पत्रामुळे एखादं कथानक बदलेल असंही नाही. डॉयलसुद्धा आठ वर्षं हलला नव्हता. पण पाठवलेलं पत्र आणि कपाटात सापडलेलं पत्र यांत आबांच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यांना परत मालिका बघायला बसवण्याची घाई मुळीच करू नका. सोडून देणं हेही प्रेक्षकाचं मतच असतं आणि ते मत देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तुम्ही तुमची मालिका बघत राहा, चोरून नाही, हॉलमध्ये, नेहमीच्या आवाजात. फक्त बघताना एक गोष्ट टिपून ठेवा. एसीपी परत आल्यावर दया, अभिजीत, साळुंखे यांच्यापैकी कुणी त्यांना जाब विचारला का? विचारला असेल तर किती आणि कसा? बेन्सनने विचारला तसा, की दोन वाक्यांत गुंडाळला? मग आबांना सांगा, पण "बघा ना" असं म्हणू नका. तुम्हाला काय पटलं आणि काय लंगडं वाटलं तेवढं सांगा. ते वाद घालतील. घालू द्या, आणि तुम्हीही हटू नका; तुम्हाला एसीपींचं परत येणं आवडलं आहे, तर ते का आवडलं याची कारणं तयार ठेवा, कारण ते विचारणारच.